फावडं, कुर्ली आणि उभा दांडा: आवडत्या गेमचा साधा टॅटू कसा निवडावा

माझ्या उजव्या मनगटावर एक योद्धा आहे. २०१३ साली गोंदवून घेतला तेव्हा त्याला नाक होतं, डोळे होते, चिलखताच्या कड्या होत्या, तलवारीच्या मुठीवर नक्षीसुद्धा होती. आणि हे सगळं जेमतेम दीड इंचात. आज तिथे माणसाच्या आकाराचा एक निळसर पट्टा उरलाय. हात कुठला आणि तलवार कुठली, हे विचारणाऱ्याला मलाच दाखवावं लागतं.

डाव्या हाताला, कोपराच्या खाली, एक फावडं आहे. ते २०२१ चं. कोणीही बघावं आणि फावडं म्हणावं, इतकं ते स्वच्छ आहे. या दोन टॅटूंच्या मधल्या आठ वर्षांत मी जे शिकले ते इथे लिहिते आहे, कारण माझ्या ओळखीतली कुडाळ-मालवणकडची पोरं आता गेमचे टॅटू करून घेताना मी केल्या होत्या त्याच चुका करताना दिसतात.

सुरुवात मात्र माझ्या आजीपासून करायला हवी. तिच्या हातावर गोंदण होतं: तुळस, शेजारी ठिपक्यांची रांग, कपाळावर एक टिंब. लग्नाआधी गोंदणारीण दारात आली होती, काजळीचा काळा रंग आणि सुया घेऊन. मी ते बघितलं तेव्हा त्याला पन्नासच्या वर वर्षं होऊन गेली होती. एकेक ठिपका पसरून तांदळाच्या दाण्याएवढा झाला होता, काळ्याचा हिरवट निळा झाला होता, पण तुळस तुळसच दिसत होती. गोंदणारणीने ठिपक्यांमध्ये जागा सोडली होती, म्हणून. आजी म्हणायची, "गोंदण तेवढा वांगडा येता, बाकी सगळा हयच रवता." म्हणजे गोंदण तेवढं आपल्याबरोबर येतं, बाकी सगळं इथेच राहतं. अशी बरोबर येणारी गोष्ट निवडताना घाई करू नये, एवढं मी त्यातून घेतलं. बाकीचं खाली पायरीपायरीने.

आधी हे जमवा

फार काही लागत नाही. शाळेची आलेखवही, पेन्सिल, खोडरबर, मिलिमीटर दाखवणारी पट्टी, शिंप्याकडची टेप, दोन-तीन बटर पेपर, आणि जवळच्या झेरॉक्सवाल्याकडे होणाऱ्या दहा-पंधरा प्रिंटचे पैसे. दुकानात जायच्या दिवशी वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड. वय १८ च्या आत असेल तर थांबा. चांगला टॅटू आर्टिस्ट तुम्हाला परत पाठवेल, आणि जो पाठवणार नाही त्याच्याकडे तर मुळीच जाऊ नका. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, त्वचेचा जुना आजार, जखमेवर उंच गाठीसारखा व्रण येण्याची सवय, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली नसेल तर तीही याच वेळी विचारून घ्या.

१. गेम निवडू नका, त्यातला क्षण निवडा

नव्वद टक्के चूक इथेच होते. "मला अमुक गेम आवडतो" म्हणून आपण त्याचं पोस्टर शोधतो, आणि पोस्टरवर नेहमी नायक असतो, हत्यारासकट, धुरासकट, ढगांसकट. ते चित्र भिंतीवर लावायला काढलेलं असतं. तुमच्या दोन इंच त्वचेसाठी नव्हे.

त्याऐवजी स्वतःला विचारा: गेम बंद करून दहा वर्षं झाल्यावर मला नेमकं काय आठवतं?

आमच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता आणि एका कॅसेटवर शेकड्यांनी गेम असल्याचा दावा करणारी ती पिवळी कॅसेट. मी आणि दादा मे महिन्यात टँकवाला गेम खेळायचो. त्याचं खरं नाव 'बॅटल सिटी', नामकोने १९८५ साली काढलेला, हे मला फार नंतर कळलं. पिवळा टँक दादाचा, हिरवा माझा. खाली मधोमध विटांच्या भिंतीत एक गरुड, तो फुटला की खेळ संपला. तो आपल्याच गोळीनेही फुटायचा, आणि त्यावरून आमची भांडणं व्हायची. पण मधूनच पडद्यावर एक फावडं उगवायचं. ते उचललं की गरुडाभोवतीच्या विटा काही वेळापुरत्या पोलादी व्हायच्या. फावडं दिसलं की भांडण विसरून आम्ही दोघं तिकडे धावायचो, आणि जो जवळ असेल त्याला दुसरा वाट करून द्यायचा.

दादा आता बोटीवर आहे, वर्षातले सात-आठ महिने समुद्रात. मला गोंदवायचं होतं ते टँकचं चित्र नव्हतंच. घर पोलादी करणारं फावडं होतं. हे कळायला मला तीन आठवडे लागले, आणि ते आलेखवहीच्या मागच्या पानावर आठवणी लिहीत बसल्यामुळे कळलं. तुम्हीही लिहा. दहा वाक्यं पुरे. गोष्टीचं नाव येईल तिथे खूण करा: चावी, दरवाजा, मशाल, तवा, बाण, नाणं. तुमचं डिझाइन त्या खुणांमध्ये असतं.

२. क्षणातून एक आकार काढा

आकार साधा म्हणजे काय? बाहेरची कड नुसती काळी भरली तरी ओळखू यायला हवी. जुन्या गेममध्ये असे आकार भरपूर सापडतात, कारण तेव्हा काढणाऱ्यांकडे चौकटीच मोजक्या असायच्या. काही नमुने देते, तुमचा गेम यात नसला तरी विचार कसा करायचा ते दिसेल.

'टेट्रिस' १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी बनवला. त्यात सात तुकडे, प्रत्येक चार चौकोनांचा. आपल्याकडे हातातल्या ब्रिक गेममुळे तो घरोघर पोचला. उभा दांडा कधी पडतो याची वाट बघितली नाही असा माणूस मिळणार नाही. हाताच्या लांबीत तो दांडा फार सुंदर बसतो: चार चौकोन, मध्ये तीन बारीक फटी, संपलं.

'पॅक-मॅन' १९८० चा. वर्तुळ, त्यातून एक फोड काढलेली. याहून कमी रेघांत गेमचं चिन्ह होत नाही. फक्त तोंड कोणत्या दिशेला हे आधी ठरवा. हात खाली सोडल्यावर ते जमिनीकडे बघतंय की वर, यावर सगळं चित्र बदलतं.

'स्पेस इन्व्हेडर्स' १९७८ चा, तोमोहिरो निशिकादो यांचा. त्यातले परग्रहवासी त्यांनी समुद्रातल्या प्राण्यांवरून काढले: खेकडा (आमच्याकडे कुर्ली), ऑक्टोपस आणि माकूल (स्क्विड). वेंगुर्ल्यात वाढलेल्या माणसाला यापेक्षा जवळचं काय असणार! मधल्या रांगेतली ती कुर्ली माझ्या मैत्रिणीने पायावर काढून घेतलीय. ज्यांना गेम माहीत नाही त्यांना कुर्ली दिसते, ज्यांना माहीत आहे ते हसतात. दोन्ही अर्थ खरे असलेलं चिन्ह मिळालं तर सोडू नका.

प्लेस्टेशनच्या बटणांवरचे त्रिकोण, गोल, फुली, चौकोन डिझायनर तेयू गोतो यांनी काढले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्रिकोण म्हणजे बघण्याची दिशा, चौकोन म्हणजे कागद, गोल म्हणजे हो आणि फुली म्हणजे नाही. चारही सरसकट काढून घेणारे पुष्कळ. मी तरी एकच निवडायला सांगेन, आणि तो का ते तुम्हाला सांगता यायला हवं.

'कॉन्ट्रा'मधल्या ३० लाइफचा तो कोड: वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, बी, ए. तो आधी १९८६ च्या 'ग्रॅडियस'मध्ये आला होता. कोड गोंदवायची इच्छा अनेकांना होते. पण त्यात दहा चिन्हं आहेत. आठ बाण आणि दोन अक्षरं मनगटावर एका ओळीत कोंबली की पाच वर्षांत ती माळ होते. करायचाच असेल तर पोटरीवर किंवा हाताच्या लांबीत मोठा करा, आणि क्रम स्टेन्सिल (सुई चालवण्याआधी कातडीवर उमटवतात तो छाप) लावल्यावर दोन वेगवेगळ्या माणसांकडून तपासून घ्या. बाण उलटा झाला तर तो तसाच राहतो.

नोकियावरचा साप १९९७ मध्ये ६११० या फोनवर आला. एक काटकोनात वळलेली जाड रेघ आणि पुढे एक ठिपका. पबजी खेळणाऱ्यांनी तव्याचा विचार करावा. गोल, दांडा, आणि गोळी अडवणारा म्हणून आठवणही पक्की. 'माइनक्राफ्ट'मधल्या क्रीपर या राक्षसाचा चेहरा आठ बाय आठ चौकटींत बसतो, म्हणजे आलेखवहीत दोन मिनिटांत उतरतो.

नव्या गेममध्ये सगळं खऱ्यासारखं दिसतं, तिथे आकार शोधायला मेहनत पडते. तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातल्या खुणांकडे बघा. नकाशावरचं चिन्ह, सामानाच्या यादीतलं छोटं चित्र, जीव दाखवणारी पट्टी. ती मुळातच लहान दिसावीत म्हणून काढलेली असतात.

हे तंत्र आपल्याकडे नवं नाही. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, पाहा: १२० पानं, दहा रंग, प्रत्येकी बारा पानं. एक्क्यापासून दहापर्यंतच्या पानांवर अवताराची खूण तितक्या वेळा काढायची असते. वाटोळ्या इवल्या पानावर दहा मासे किंवा दहा परशू बसवायचे आणि ते लांबून मोजता यायला हवेत, म्हणून चिताऱ्याने मत्स्यावताराचा मासा चार फटकाऱ्यांत आणलेला असतो. राजवाड्यात जाऊन ती पानं एकदा जवळून बघा. डिझाइन साधं करण्याचा इतका चांगला धडा मला दुसरीकडे मिळाला नाही.

३. अर्थाची चौकशी करा

गेममधल्या टोळ्यांची, सैन्यांची, पंथांची चिन्हं घेताना ती गेमबाहेर कुठून आलीत ते शोधा. काही खऱ्या इतिहासातून उचललेली असतात आणि काहींना तुम्हाला नको असलेला वास असतो. देवाधर्माची खूण गेमच्या खुणेत मिसळू नका. आपल्या गावात त्याचं स्पष्टीकरण आयुष्यभर देत बसावं लागेल आणि कोणाचं मन दुखलं तर ते भरून काढता येत नाही.

दुसऱ्या कोणासाठी एखाद्या आर्टिस्टने खास काढलेला टॅटू जसाच्या तसा उचलू नका. गेममधल्या मूळ आकारावरून तुमचा तुम्ही काढा. आपलं गेममधलं टोपणनाव, क्लॅनचं (एकत्र खेळणाऱ्या गटाचं) नाव, स्कोअर यातलं काही गोंदवायचा मोह होतो. क्लॅन मोडतात. आकार घ्या, अक्षरं नकोत.

४. मिलिमीटरचा हिशेब

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण माझ्या मनगटावरच्या योद्ध्याचं जे झालं ते हा हिशेब न केल्याने झालं, म्हणून इथे थोडं थांबा.

टॅटूची शाई कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात राहत नाही. तो थर सतत झडून नवा होत असतो. शाई त्याच्या खालच्या थरात जाते आणि तिथल्या पेशी तिचे कण गिळून धरून ठेवतात. पेशी मरतात, नव्या येतात, तेच कण पुन्हा धरतात, आणि या देवघेवीत रेघ वर्षागणिक थोडी रुंद होत जाते. आजीचा ठिपका तांदळाएवढा झाला तो असाच. त्यामुळे डिझाइनमध्ये रेघेइतकीच महत्त्वाची आहे ती दोन रेघांमधली मोकळी कातडी.

आता ती कुर्ली घ्या. मूळ गेममध्ये ती ११ चौकटी रुंद आणि ८ चौकटी उंच आहे, आणि तिचा प्रत्येक डोळा म्हणजे एक रिकामी चौकट. टॅटू ११ मिमी रुंद केलात तर डोळा १ मिमीचा. काळं दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिमी सरकलं असं धरा, डोळा बुजला. २२ मिमी रुंद केलात तर डोळा २ मिमीचा, त्यातला १ मिमी उरेल. ३३ मिमी रुंद केलात तर ३ मिमीतले २ उरतील, आणि कुर्ली म्हातारपणीही बघत राहील. मैत्रिणीची ३३ मिमीची आहे.

तुमच्या आकारात सगळ्यात लहान मोकळी जागा कुठली ते शोधा आणि ती अडीच ते तीन मिमी होईल एवढा टॅटू मोठा करा. तेवढी जागा अंगावर द्यायची नसेल तर टॅटू लहान करण्याऐवजी आकार आणखी सोपा करा. माझ्या फावड्याला आधी दांड्यावर मूठ आणि पात्यावर दोन खाचा होत्या. खाचा काढून टाकल्या, मूठ ठेवली.

काढताना असं करा: आलेखवहीत प्रत्येक चौकट स्वतः भरा. नेटवरून उतरवलेलं चित्र मोठं करून छापलं की कडा धूसर होतात आणि आर्टिस्टला नेमकी रेघ कुठे ते कळत नाही. मग २ सेमी, ३ सेमी आणि ४ सेमी अशा तीन मापांत प्रिंट काढा. त्यावर बटर पेपरचे दोन थर ठेवून बघा. जे दिसतं ते साधारण वीस वर्षांनंतरचं रूप समजा. आणखी एक परीक्षा: झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, असं पाच वेळा करा. पाचव्या कागदावर आकार ओळखू आला तर तो चालेल. शेवटी प्रिंट भिंतीला चिकटवून ओटीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून घरातल्या कोणाला तरी "हे काय आहे?" असं विचारा. सूचना देऊ नका, नुसतं विचारा.

५. रंग

गेम रंगीत असतो म्हणून टॅटू रंगीत करायचा हट्ट असतो. आपल्या सावळ्या कातडीवर पिवळा, पांढरा, फिकट गुलाबी, आकाशी हे रंग काही महिन्यांतच दिसेनासे होतात, कारण ते कातडीच्या रंगाखालून दिसतात. काळा सगळ्यात टिकतो. लाल दिसतो, पण ॲलर्जीच्या तक्रारी सगळ्यात जास्त लाल शाईच्याच असतात. किनाऱ्यावरचं ऊन सगळेच रंग खातं. पहिला टॅटू नुसत्या काळ्यात करा. पिवळा पॅक-मॅन काळा केला म्हणून कोणी त्याला दुसरं काही म्हणणार नाही.

६. अंगावरची जागा

इथे कोकणातल्या मुलामुलींनी दोन गोष्टी आधी तपासायला हव्यात.

पहिली, भरती. सैन्यभरतीत कायमचा टॅटू चालतो तो हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत डाव्या हाताची आतली बाजू चालते, कारण सलाम उजव्या हाताने होतो, आणि टॅटू त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान हवा. टॅटूत काय आहे यालाही अटी असतात. भरतीचा विचार डोक्यात असेल तर त्या वर्षीची जाहिरात वाचा, आणि तोवर थांबलात तर सगळ्यात उत्तम. बोटीवर जाणाऱ्यांनी आपल्या कंपनीला विचारावं.

दुसरी, रोजचं काम. बोटं, तळहात, पाऊल इथे रेघ लवकर विरते. घोट्यावरचा टॅटू सुंदर दिसतो, पण लावणीच्या दिवसांत तोच पाय चिखलात असतो. मासळी हाताळणाऱ्यांनी हाताच्या पंजाजवळ नको. खांद्यावर आणि छातीवर व्रणाची गाठ येण्याचं प्रमाण जास्त, घरात कोणाला तशी गाठ आली असेल तर ती जागा टाळा. हाताची आतली बाजू आणि पोटरी या दोन जागा मला सगळ्यात निर्धोक वाटतात: ऊन कमी, घासणं कमी, झाकता येतं.

७. महिनाभर अंगावर वागवा

निवडलेला आकार बॉलपेनने, नेमक्या मापात, नेमक्या जागी काढा आणि पुसला की पुन्हा काढा. महिनाभर. एक लग्न, एक सत्यनारायण, एक कामाचा आठवडा त्यात येऊ द्या. मी पंधराव्या दिवशी फावडं दोन बोटं वर सरकवलं, कारण बांगड्या घातल्या की त्याचं पातं झाकलं जात होतं.

यासाठी ओल्या काजूबीचा चीक किंवा बिब्बा वापरू नका. लहानपणी आपल्यातल्या कित्येकांनी चिकाने हातावर अक्षरं काढलीत. ती भाजल्याची खूण असते, आणि त्या जागी नंतर टॅटू नीट बसत नाही. झटपट काळी होणारी मेंदीही नको. तिच्यात केसांच्या कलपातलं रसायन असतं आणि त्याने फोड येतात.

८. महिना कोणता

ही पायरी शहरातल्या सल्ल्यांत सापडत नाही, म्हणून खास लिहिते.

ताजा टॅटू म्हणजे उघडी जखम. वरची कातडी भरायला दोन ते चार आठवडे लागतात, आतून पूर्ण बसायला त्याहून जास्त. तेवढे दिवस समुद्र, नदी, व्हाळ, विहिरीवरची उडी, स्विमिंग पूल, सगळं बंद. उबदार खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात. मासे आणि खाऱ्या पाण्यातून मायकोबॅक्टेरियम मरिनम हा दुसरा एक जिवाणू जखमेत शिरतो आणि महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी आणतो. आपलं अंगण समुद्राला लागून आहे, त्यामुळे हे आपल्यासाठी रोजचं आहे.

आता पंचांग काढून बसा. जून ते सप्टेंबर हवा दमट, कपडे ओले, जखम सुकत नाही. मे महिन्यात घाम आणि ऊन. चतुर्थीचा सापळा सगळ्यात मोठा: चाकरमानी गावी येण्याच्या आठवड्यात मुंबईत टॅटू करून घेतात आणि गाडी पकडतात. मग दीड दिवसाचं असो की पाच दिवसांचं, विसर्जनाला पाण्यात उतरावंच लागतं. माझ्या मावसभावाचा हात असाच सुजला, आणि अकरा दिवसांच्या गणपतीत तो औषधं घेत पडून राहिला. शिमग्यात रंग, धूळ, रात्रभर घाम. जत्रांच्या दिवसांत गर्दी आणि घासाघीस.

राहतात ते दिवाळीनंतरचे दिवस. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत हवा कोरडी असते, फुल बाह्यांचा शर्ट सहन होतो, आणि शिमग्यापर्यंत सगळं भरून येतं. गावची जत्रा कधी ते मात्र बघून तारीख घ्या.

रक्तदान करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं: टॅटू केल्यावर १२ महिने रक्त देता येत नाही. घरात कोणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर ते होऊ द्या.

९. माणूस निवडा

जत्रेतला मशीनवाला नको. एकाच सुईने रांगेतल्या सगळ्यांना गोंदवणं आणि बादलीतल्या पाण्याने पुसणं मी डोळ्यांनी बघितलंय. रक्तातून पसरणारे आजार तिथून घरी येतात. गोव्याला सहलीला गेलं असताना किनाऱ्यावर "आता लगेच करू" म्हणणाऱ्याकडेही नको. गोव्यात उत्तम आर्टिस्ट आहेत, पण ते वेळ देऊन बोलावतात.

दुकानात जाऊन बसा आणि बघा. सुई तुमच्यासमोर बंद पाकिटातून फोडतात का? शाई छोट्या टोपणात ओततात आणि उरलेली फेकतात का? हातमोजे घालून मध्येच फोन उचलतात का? उचलला आणि मोजे बदलले नाहीत तर उठून या. पुन्हा वापरायची धातूची साधनं असतील तर ती ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात) निर्जंतुक होतात का ते विचारा.

मग कामाचे फोटो मागा. ताज्या टॅटूचे नकोत, करून वर्ष झालेल्या टॅटूचे. ताजा टॅटू सगळ्यांचाच सुरेख असतो. साध्या डिझाइनला आर्टिस्ट साधाच चालेल असं वाटतं, पण सरळ रेघ आणि एकसारखा काळा भराव यात हात सगळ्यात उघडा पडतो. पोर्ट्रेट काढणाऱ्यापेक्षा स्वच्छ चौकोन काढणारा शोधा. त्याने तुमचं आलेखवहीचं पान बघून "हे जरा मोठं करूया" म्हटलं तर तो तुमचा माणूस. "याहून लहानही जमेल" म्हणणाऱ्यापासून जपा. माझा योद्धा अशाच एका दुकानात झाला होता.

लहान टॅटूलाही बहुतेक ठिकाणी किमान एक रक्कम घेतात, ती आधी विचारा. घासाघीस करायची तर तारखेची करा, पैशांची नको.

१०. त्या दिवशी

भरपेट जेवून जा. आदल्या रात्री दारू नको. जागा घरी दाढीच्या पात्याने साफ करू नका, ते दुकानात नव्या पात्याने होईल. सैल बाह्यांचा गडद कपडा घाला. बरोबर आलेखवहीचं पान, तीन मापांचे प्रिंट, आधार कार्ड, पाण्याची बाटली.

स्टेन्सिल लावल्यावर घाई करू नका. उभे राहा, हात नेहमीसारखा खाली सोडा. हात पालथा करून लावलेला चौकोन हात सोडल्यावर तिरका होतो. चौकटींच्या डिझाइनला हे फार जाणवतं. आरशात बघा, फोटो काढा, दिशा तपासा, पट्टी लावून माप घ्या. पटलं नाही तर पुसून पुन्हा लावायला सांगा. माझं तिसऱ्यांदा बसलं, आणि आर्टिस्टने तिन्ही वेळा न कुरकुरता लावलं.

११. घरी आल्यावर

आर्टिस्टने सांगितलेलं मलम, पातळ थर, हात साबणाने धुऊन. हळद नको, चुना नको, घरच्या बाटलीतलं खोबरेल तेल चोपडणं नको, आजीने कितीही प्रेमाने आणलं तरी. खपली ओढू नका. खाज सुटली तर वरून हलकं थोपटा. दोन-तीन आठवडे मासे साफ करायचं काम दुसऱ्याला द्या. कोळंबीचा काटा नेमका तिथेच लागतो. लाली वाढत गेली, पू आला, ताप आला तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा आणि टॅटू केल्याचं व पाण्यात उतरला असाल तर तेही सांगा.

भरून आल्यावर उन्हात जाताना सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वर.

सहा-आठ आठवड्यांनी दिवसाच्या उजेडात नीट बघा. कुठे भराव फिका पडला असेल, एखाद्या कोपऱ्यात शाई धरली नसेल, तर टच-अपला जा. जाताना आलेखवहीचं ते पान पुन्हा बरोबर न्या, कारण तोवर आर्टिस्टच्या हाताखालून बरीच डिझाइन गेलेली असतात. पान मी अजून जपून ठेवलंय. दादा या जानेवारीत सुट्टीवर येतोय आणि त्यालाही तेच फावडं हवंय, त्याच मापाचं.